कोल इंडियाला लिथियम का हवंय? आणि वणी-चंद्रपूरचं काय होणार?

कोल इंडिया म्हणजे कोळसा. 1975 मध्ये स्थापन झालेली ही सरकारी कंपनी देशातला बहुतांश कोळसा काढते. 2024-25 मध्ये तिने सुमारे 78 कोटी टन कोळसा काढला. तरीही आता ती सौरऊर्जा, वीजनिर्मिती आणि परदेशातल्या लिथियमकडे वळतेय. असं का?

कारण काय?

देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशावर तयार होते, म्हणजे धंदा लगेच बसणार नाही. पण भारताने 2070 पर्यंत नेट झिरोचं उद्दिष्ट ठेवलंय. एकाच खनिजावर उभी असलेली कंपनी तोवर हातावर हात ठेवून बसू शकत नाही. त्यातच 2020 पासून खासगी कंपन्यांनाही कोळसा काढून विकायला परवानगी मिळाली आहे.

कंपनी काय करतेय?

ओडिशात सुंदरगड इथे 1,600 मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र उभारण्याची योजना आहे. सौरऊर्जेचं लक्ष्य 3,000 मेगावॉटचं आहे. कोळशापासून वायू आणि रसायनं बनवण्यासाठी भेलसोबत 2024 मध्ये वेगळी कंपनी स्थापन झाली. बॅटरीसाठी लागणाऱ्या लिथियमकरता अर्जेंटिना, चिली, ऑस्ट्रेलिया या देशांत संधी शोधणं सुरू आहे.

परदेशात यश मिळेल?

आधीचा अनुभव फारसा चांगला नाही. 2009 मध्ये मोझांबिकच्या तेते प्रांतात कंपनीला कोळशाचे दोन ब्लॉक मिळाले होते. शोध घेतल्यावर तिथला कोळसा परवडण्याजोगा नसल्याचं दिसलं आणि ते परत करावे लागले. लिथियममध्येही शोधापासून प्रत्यक्ष उत्पादनापर्यंत अनेक वर्षं जातात, भावही झपाट्याने वरखाली होतात. आणि जोखीम फक्त कंपनीची नाही. तिचे सुमारे 63 टक्के शेअर्स केंद्र सरकारकडे आहेत, म्हणजे नफा-तोट्याचा मोठा वाटा सरकारी तिजोरीचा.

महाराष्ट्राचा संबंध काय?

नागपूरमध्ये मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कोल इंडियाचीच उपकंपनी. चंद्रपूर, यवतमाळमधलं वणी, नागपूर जिल्ह्यातलं उमरेड, सावनेर इथे तिच्या खाणी आहेत. खाणीतल्या नोकऱ्याच नव्हे, तर ट्रकवाले, गॅरेज, खानावळी हे सगळं त्याच कोळशावर चालतं.

खरा प्रश्न इथेच आहे. कोल इंडिया लिथियम काढेल तो अर्जेंटिनात आणि वीज बनवेल ती ओडिशात. सौरप्रकल्प सुरू झाला की तो चालवायला थोडीच माणसं लागतात. म्हणजे कंपनीचा ताळेबंद सावरला, तरी वणीतल्या ट्रकचालकाच्या हाताला काम मिळेलच असं नाही.

त्यामुळे कंपनी परदेशात काय विकत घेते याच्याइतकंच, खाण बंद झाल्यावर त्या जमिनीचं आणि तिथल्या माणसांचं काय करते, याकडेही लक्ष ठेवावं लागेल. खाणी एका रात्रीत बंद होत नाहीत, त्यामुळे तयारीला वेळ आहे. तो वापरला जातोय का, हे विचारण्याची वेळ मात्र आत्ताच आहे.