पाण्यात म्हैस, बाहेर मोल

जुना टेपरेकॉर्डर ऐकल्यावाचून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२४ साली मोबाईलवर फोटो पाहून मी एका अनोळखी विक्रेत्याला २,००० रुपये आगाऊ पाठविले. टेप आलाच नाही, फोनही बंद. लाजेपोटी गप्प बसलो. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करायची असते, हे मागाहून कळले.

पुढे परळीच्या एका गृहस्थांकडे आजोबांच्या भजनाची कॅसेट बरोबर घेऊनच गेलो. आजोबांचा आवाज डगमगत आला. आतला रबरी पट्टा सैल पडला होता. पट्टा स्वस्तात बदलतो. हेड झिजलेले असते तर मी रिकामाच परतलो असतो. फोटोत यातले काय दिसणार? पट्ट्याचे पैसे कमी करून घेतले आणि बीडची एस. टी. धरली.