कादंबरी आधी कोणी वाचायची?

दिवाळी अंक दिवाळीत विकत घेतात हे खरे. पण तो वाचून संपतो मे महिन्यात, असा माझा अनुभव आहे. दिवाळीत फुरसत कोणाला असते? चकलीचा एक घाणा काढून दुसरा घालीपर्यंत जेवढी पाने उलटतील तेवढी उलटायची, चित्रे पाहायची, भविष्यात आपली रास शोधायची आणि अंक फडताळात ठेवून द्यायचा. त्यातली कादंबरी राहते ती राहतेच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली, तेव्हापासून हे असेच चालत आले असावे. म्हणून ऐन दिवाळीत मी उन्हाळ्याविषयी लिहायला बसलो तर वाचकांनी मला वेड्यात काढू नये. हा मजकूर त्यांच्या हाती खऱ्या अर्थाने पडेल, तेव्हा बाहेर ऊन रणरणत असेल.

कथा काय, केव्हाही वाचता येते. एस. टी.ची वाट पाहताना वाचता येते, न्हाव्याच्या दुकानात नंबर लागेपर्यंत वाचता येते. कादंबरीचे तसे नाही. तिला मोकळी दुपार लागते, आणि तीही एक नव्हे, ओळीने आठदहा. अशा दुपारी वर्षातून एकदाच मिळत, त्या मे महिन्यात, आजोळी.

आमचे आजोळ कोकणात. उन्हाळ्यात तिथे आम्ही दहाबारा मुले गोळा होत असू. मोठ्या माणसांचा दिवस पहाटे चारला सुरू होई. पोह्याचे पापड, फणसाचे पापड, आमसुले, आंब्याची साठे, सांडगी मिरच्या. सारी बेगमी पावसाळ्याच्या आत व्हायची असे आणि उन्हे चढण्यापूर्वी अंगणात पडायची असे. बारा वाजले की अंगणात पाऊल टाकवत नसे. जेवणे होत, माजघरातल्या सारवलेल्या गार जमिनीवर चटया पडत आणि घर निपचित होई. त्या चार तासांत माणसाला दोनच गोष्टी करता येत: झोपणे किंवा वाचणे. मोठी माणसे पहिलीने सुरुवात करून दुसरीवर जात. बहुतेक दुसरीने सुरुवात करून पहिलीवर येत.

अडचण एकच होती. माणसे पंधरा आणि पुस्तक एक. जवळच्या गावात वाचनालय होते. तिथल्या एका वर्गणीवर एका वेळी एकच पुस्तक मिळे आणि ते आठ दिवसांत परत करावे लागे. कोकणाला वाचनालये काही नवी नाहीत. रत्नागिरीचे वाचनालय 1828 सालचे, आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 सालची. म्हणजे आमच्याकडे वाचनालय आधी आले आणि कादंबरी मागाहून! पण आठ दिवसांत एक पुस्तक पंधरा जणांना कसे पुरवायचे, याची युक्ती कुठल्याच वाचनालयाने सांगितलेली नव्हती. ती घराघरांनी आपापली काढली.

आमच्या घरची पद्धत अशी होती. पुस्तक आले की पहिला मान आजोबांचा. ते सकाळी पूजा आटोपली की ओटीवरच्या झोपाळ्यावर वाचीत. दुपारी ते झोपले की पुस्तक मामांकडे, तिथून मावशीकडे आणि मग वयाच्या क्रमाने आम्हा मुलांकडे. एकाच पुस्तकात पाच-सहा खुणा असत. आजोबांची जानव्याच्या सुताची, मामांची आगगाडीच्या जुन्या तिकिटाची, मावशीची केसातल्या आकड्याची, आमची आंब्याच्या पानाची. कोण कुठवर आला आहे हे पुस्तक मिटलेले असतानाच कळे. पुढच्याने मागच्याला गोष्ट सांगायची नाही, हा नियम. तो मोडणाराला त्या दिवशीच्या आंब्याला मुकावे लागे. नाथमाधवांचे ‘वीरधवल’ आले तेव्हा मामेभावाने हा दंड दोनदा सोसला. तरी त्याचे तोंड बंद राहिले नाही.

याशिवाय एक जाहीर वाचनही असे. सकाळी पापड लाटायला शेजारच्या बायका आल्या म्हणजे मावशी उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाची. वाचणाराला लाटण्याची माफी असे, म्हणून त्या कामाला उमेदवार पुष्कळ. पण मावशीचा आवाज चांगला. प्रेमाचा प्रसंग आला की ती आजोबांच्या झोपाळ्याकडे एक नजर टाकी आणि दोन पाने एकदम उलटी. मग पोळपाटावरून कोणीतरी विचारी, “अगो, काल ती त्याचं तोंड बघायला तयार नव्हती, नि आज चहा कसा देत्ये?” मावशी म्हणे, “आजारी होता ना तो मध्यंतरी!” आणि गोष्ट पुढे जाई. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 साली निघालेल्या आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने दिली. ते हप्ते असेच कोणी वाचून दाखवीत असतील आणि यमूची हकीकत ऐकता ऐकता कितीतरी यमूंनी डोळ्यांना पदर लावला असेल, असे मला नेहमी वाटते.

या साऱ्या व्यवस्थेत एका माणसाचा नंबर मात्र कुठेच लागत नसे. ती म्हणजे मामी.

तिला वाचनाची आवड नव्हती असे नव्हे. आवड होती, आणि ती सातवी पास होती. पण सकाळी ती चुलीपाशी. जाहीर वाचन चाले तेव्हा लाट्या करायला आत. दुपारी सारे लवंडले की तिची उष्टीखरकटी, मग गुरांचे पाणी, मग तिन्हीसांजेचा स्वैपाक. वीज अजून गावात यायची होती. तिची कामे आटोपत तेव्हा रात्रीचे दहा झालेले असत. घरात कंदील दोन आणि रॉकेल जपून वापरायचे. वात बारीक करून ती माजघराच्या कोपऱ्यात पुस्तक उघडी, पाच-सात पाने होत, तोच आजी आतून विचारी, “कंदील अजून कसा जळतो गं?” आठ दिवसांत पुस्तक परत जाई तेव्हा ती जेमतेम मध्यावर आलेली असे. पुस्तकात तिची खूण कधीच नसे. पान नंबर ती लक्षात ठेवी.

अशा कित्येक कादंबऱ्या मामीने अर्ध्या वाचल्या होत्या. पुढे काय झाले हे ती कोणाला विचारीत नसे. दळताना, निवडताना ती स्वतःच पुढचे रचीत असे. हे आम्हाला कळले ते एका फाटक्या पुस्तकामुळे.

त्या वर्षी आलेल्या कादंबरीची शेवटची वीसेक पाने गायब होती. आधीच्या कोणा वाचकाने ती कशासाठी उपयोगात आणली, देव जाणे. नायिका भांडून घरातून निघाली आहे, रात्री एकटीच स्टेशनावर उभी आहे, गाडीचा दिवा लांबून दिसतो आहे. आणि पुढे नुसता पुठ्ठा! घरभर हळहळ झाली. जेवणाच्या पंक्तीत ज्याने त्याने आपापला शेवट सांगितला. आजोबा म्हणाले, ती परत फिरते आणि सासऱ्यांच्या पाया पडते. मामा म्हणाले, नायक टांग्यातून येतो. आम्हा मुलांच्या मते गाडीला अपघात होणे अगदी जरूर होते. मावशीने विचारले, “वहिनी, तुम्हांला काय वाटतं?”

मामी वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, “आधी ती नळावर जाऊन पाणी पिते. सकाळपासून उपाशी आहे ती, चौदाव्या प्रकरणात लिहिलंय. मग ती गाडी सोडते. पहाटेच्या गाडीने बहिणीकडे जाते आणि तिथल्या शाळेत मास्तरीण होते. नवऱ्याला पत्र लिहिते, न्यायला यायचं तर ये, पण नोकरी सोडणार नाही.”

पंक्ती क्षणभर गप्प झाली. ती उपाशी असल्याचे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते. आम्ही भराभर वाचली होती. मामीने दिवसाला पाच पाने वाचली होती आणि उरलेला सारा दिवस त्या पाच पानांवर काढला होता. आजोबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी झोपाळ्यावरून आजीला सांगितले, “सूनबाईचं वाचन व्हायचं असेल तर कंदील राहू दे.”

पुढे पुष्कळ वर्षांनी मला त्या कादंबरीची धड प्रत मिळाली. शेवट मामांनीच सांगितला होता तसा: नायक येतो, टांग्याऐवजी मोटारीतून. मी मामीला तो वाचून दाखविला. ती म्हणाली, “म्हणजे तिला कोणी विचारलंच नाही की!”

आपल्या ‘कादंबरी’ या शब्दाच्या पोटातही हीच गोष्ट दडलेली आहे. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ या संस्कृत ग्रंथावरून मराठीने आणि कानडीने या साहित्यप्रकाराला नाव दिले. तो ग्रंथ बाणाच्या हातून पुरा झाला नाही. उरलेला भाग त्याच्या मुलाने लिहिला. ज्या पुस्तकावरून सगळ्या कादंबऱ्यांना नाव मिळाले तेच अर्धे राहिलेले आणि दुसऱ्याने पुरे केलेले! तेव्हा मामी काही जगावेगळे करीत नव्हती. आणि शेवट ठाऊक असला म्हणून मौज कमी होते असेही नाही. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ 1962 साली आली. माधवराव पेशवे 1772 साली थेऊरला वारले हे शाळेतल्या पोरालाही माहीत होते. तरी ती कादंबरी वाचताना ते या खेपेला वाचतील अशी आशा धरणारी शहाणी माणसे मी पाहिली आहेत.

आता दिवस पालटले आहेत. कंदील माळ्यावर गेला. पुस्तके घरपोच येतात. महाबळेश्वराजवळच्या भिलारला तर 2017 पासून घराघरांत वाचायला पुस्तके मांडून ठेवली आहेत. कानाला लावून कादंबरी ऐकण्याची सोयही झाली आहे. पोळ्या लाटता लाटता ऐकणाऱ्या बायका पाहिल्या की मला मावशीचे उंबऱ्यावरचे वाचन आठवते, आणि हे यंत्र दोन पाने एकदम उलटीत नाही याचे बरे वाटते. मोबाइलने लोकांचे वाचन बुडविले असे म्हणतात. बुडविले असेलही. पण मामीचे वाचन बुडायला तेव्हा मोबाइल लागला नव्हता. ते बुडत होते ते दुपार कोणाच्या वाट्याला येते, या हिशेबात. तो हिशेब अजून सगळ्या घरांत मिटला आहे, असे मला छातीठोक सांगवत नाही. सुट्टीत सगळे घरी असतात, म्हणजे सगळ्यांना सुट्टी असते असे थोडेच आहे?

म्हणून वाचकहो, एक विनंती. हा अंक आता तुमच्या हाती आहे. तुमच्याआधी घरात तो कोणी वाचला आणि तुमच्यानंतर कोण वाचणार, हे जरा आठवून पाहा. रांगेत सगळ्यांत शेवटी जो कोणी उभा असेल, त्याला येत्या मे महिन्यात एक नवी कोरी कादंबरी सगळ्यांच्या आधी द्या, आणि तिच्याबरोबर दुपारचे चार ते सहा तासही द्या. भांडी काय, ती आपल्यालाही घासता येतात. पुस्तक परत आले की मात्र शेवट विचारू नका. पुस्तकात छापला आहे त्यापेक्षा तिला कोणता आवडला असता, तेवढे विचारा.