घरचा हिशेब : उतरलेले शेअर घ्यावेत का?

शेअरबाजार कोसळला की आमच्याकडे येणारी पत्रं वाढतात. या वेळचं पत्र वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) येथून आलं आहे. ही बहीण मेडिकल कॉलेजच्या मुलांना जेवणाचे डबे देते. त्यातून तिने दोन लाख रुपये शिल्लक टाकले. आता धाकटे दीर म्हणतात, कॉम्प्युटर कंपन्यांचे शेअर निम्म्यावर आलेत, वहिनी, अशी संधी पुन्हा नाही! यजमानांनाही ते पटलंय. मुलीची कॉलेजची फी मात्र पुढच्या जूनमध्ये भरायची आहे.

दिरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आपल्या खानदेशातलं अंमळनेर पाहा. 1945 साली महंमद हाशम प्रेमजी यांनी तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. गावातल्या लोकांनी त्याचे शेअर घेतले. 1966 साली कारभार अझीम प्रेमजींकडे आला, पुढे तूप-साबणाच्या जोडीला कॉम्प्युटर आले, आणि तीच आजची विप्रो. ज्या घरांनी शेअर जपून ठेवले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं सोनं झालं.

पण यात एक मेख आहे, बरं का. शेअर जपून ठेवता आले ते कोणाला? ज्यांना तो पैसा मध्येच लागला नाही त्यांना! लेकीच्या लग्नात किंवा आजारपणात ज्यांना ते विकावे लागले असतील, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

आता ‘निम्म्यावर आलेत’ याचा अर्थ पाहू. अमेरिकेतल्या नॅसडॅक बाजाराचा निर्देशांक मार्च 2000 मध्ये 5,000 च्या वर होता. वर्षअखेरीस तो निम्म्यावर आला. स्वस्त मिळतंय म्हणून तेव्हा ज्यांनी घेतलं, त्यांचेही पुन्हा निम्म्याहून अधिक गेले, कारण ऑक्टोबर 2002 मध्ये तो 1,114 वर उतरला. जुनी उंची गाठायला 2015 साल उजाडलं. तेव्हा पाळण्यात असलेली मुलगी दहावीला बसली! आपल्या कॉम्प्युटर कंपन्यांची बरीचशी कमाई अमेरिकेतल्या कामावर चालते. तिकडे हात आखडला की इकडे भाव पडतो.

शिवाय स्वस्त ते सगळं चांगलंच असतं असं नाही. सेलमधली साडीसुद्धा आपण उलगडून, उजेडात धरून पाहतो. 7 जानेवारी 2009 रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि एका दिवसात शेअरची तीनचतुर्थांशाहून अधिक किंमत गेली.

तेव्हा शेअरचा भाव नंतर पाहा, आधी आपल्या पैशाची तारीख पाहा. एका कागदावर लिहून काढा, कोणता पैसा कधी लागणार.

फीचे पैसे बँकेच्या मुदत ठेवीत ठेवा. जूनआधी सुटेल एवढीच मुदत घ्या. घरात अडीअडचण येतेच, म्हणून निदान तीन महिन्यांचा घरखर्च वेगळा काढा. त्यातून उरेल आणि पुढची सात-आठ वर्षं लागणार नाही, एवढ्याच रकमेचा शेअरसाठी विचार करा. तीही एकदम घालू नका, दरमहा थोडी थोडी घाला. एकाच कंपनीत किंवा एकाच धंद्यात नको. अनेक धंद्यांत पैसा विभागणारा म्युच्युअल फंड नवख्या माणसाला बरा. त्यातही चढउतार असतो, हे मनाशी धरा. कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून तर मुळीच नको. खातं स्वतःच्या नावावर उघडा, नॉमिनीचं नाव नोंदवा आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देऊ नका, अगदी घरच्यांच्याही!

दिरांशी वाद घालायची गरज नाही. तो कागद पुढे ठेवा आणि विचारा, “भावजी, जूनमध्ये भाव आणखी पडलेला असला तर फी कुठून भरायची?” पहाटे उठून पोळ्या लाटून जमवलेला पैसा आहे हा. त्यावर सही करण्याआधी एवढं विचारायचा हक्क तुमचा आहे.