पकडीतला दुसरा हात

यंदाही पावसाळ्यात तालुका पातळीवरील शालेय क्रीडास्पर्धा होतील आणि त्याआधी आपल्या शाळेचे मुलांचे व मुलींचे कबड्डी संघ निवडले जातील. निवडीसाठी नावे द्या म्हटले की काय होते, हे क्रीडाशिक्षकांना विचारावे. वीस हात वर होतात आणि त्यांतले सोळा-सतरा चढाईला जायचे म्हणून. उरलेल्यांतले काही जण कोपऱ्यात खेळतो म्हणतात, कारण घोटा धरला की टाळ्या पडतात. ‘मी कव्हर खेळतो’ असे आपण होऊन सांगणारा विद्यार्थी आम्हाला अजून भेटायचा आहे. शाळेच्या पातळीवरचा सामना मात्र बहुधा याच जागेवर जिंकला किंवा गमावला जातो, असे आमचे मत आहे. ते संघनिवडीपूर्वी पालकांच्या आणि विश्वस्त मंडळींच्या कानावर घालावे, म्हणून हा लेख.

ज्यांनी लहानपणी नुसता हुतुतू पाहिला असेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. मैदानात सात गडी असतात. दोन टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या लगत आतले दोघे, त्यांच्या पलीकडे दोन कव्हर आणि मधोमध एक. कव्हरला वर्तमानपत्रे मध्यरक्षक म्हणतात. मैदानावर कोणी तसे म्हणत नाही. समोरचा चढाईपटू निदान रेषा ओलांडून आत येतो, बोनस रेषेपलीकडे पाय टाकतो आणि आपला कोपरारक्षक त्याचा घोटा धरतो. पाहणाऱ्याला वाटते, झाली पकड. पकड अजून व्हायची असते. मोठ्या पुरुषांच्या मैदानात बोनस रेषा मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर असते. एक पाय अडकलेला असतानाही चढाईपटू मध्यरेषेकडे आडवा झेपावतो आणि हात लांब करतो, तेव्हा दोन मीटरहून अधिक अंतर त्याच्या नुसत्या अंगानेच भरून निघते. बाकीचे तो घोटा धरणाऱ्याला ओढत नेऊन कापतो. बोटाचे टोक मध्यरेषेला लागले की संपले. गुण त्याचा आणि आपला गडी बाहेर. या वाटेत जो आडवा उभा राहतो तो कव्हर. तो छातीने अडवतो, कंबर धरतो, मांडी आवळतो, आणि मगच उरलेले पाच जण अंगावर पडतात.

इथपर्यंत ताकदीचे काम झाले. खरी अवघड गोष्ट पुढे आहे. चढाईपटू सुटून परत गेला तर त्याला ज्यांनी ज्यांनी हात लावला ते सगळे बाद होतात. म्हणजे कोपऱ्याची पकड ढिली असेल आणि कव्हर घाईने झेपावला, तर एकाच्या जागी दोन गडी जातात. अशा वेळी जागेवर थांबणेच बरे. पण पकड घट्ट असताना तो थांबला, तर कोपरारक्षक फुकट जातो. जायचे की थांबायचे, हे ठरवायला त्याला डोळ्याची पापणी लवेल एवढाच वेळ मिळतो, आणि ठरवायचे ते कोपरारक्षकाच्या हाताकडे पाहून. आमच्या मते सातांत सर्वांत चांगली नजर कव्हरला हवी. प्रत्यक्षात मात्र ज्याला दुसरीकडे कुठे ठेवता येत नाही त्याला आपण तिथे उभे करतो.

कव्हरचे दुसरे काम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपले तिन्ही चढाईपटू बाद होऊन बाहेर बसले की आत उरतात कोपरे आणि कव्हर. चढाई तर कोणाला तरी करावीच लागते. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण आणला नाही तर जाणाराच बाद, हा नियम आता मुलांच्याही तोंडी आहे. प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद केल्याच्या प्रत्येक गुणामागे आपला एक गडी परत आत येतो. तेव्हा ज्याला पकडही येते आणि गरजेपुरती चढाईही येते असा एक कव्हर संघात असला तर लोण टळतो, नाहीतर चार मिनिटांत सामना हातचा जातो.

मोठ्या सामन्यांतही हेच दिसते. २०१५ साली प्रो कबड्डीच्या दुसऱ्या हंगामात यू मुंबाने अंतिम सामन्यात बेंगळुरू बुल्सना ३६-३० असे हरवले. आजही त्या संघाचे नाव काढले की कर्णधार अनुप कुमार आठवतो, आणि ते रास्तच आहे. पण कव्हरला विशाल माने आणि जीवा कुमार अशी जोडी होती, हे किती जणांना सांगता येईल? १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. मुलांना त्यातल्या पंकज मोहितेच्या चढाया पाठ आहेत. हरियाणाला पंचविसावर रोखणाऱ्या बचावात संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन हे कव्हर होते, हे त्यांना शिकवावे लागते. जाता जाता एक गोष्ट: पुण्याच्या त्या संघाचे प्रशिक्षक बी. सी. रमेश कर्नाटकाचे. पुण्याचा संघ, कन्नड गुरुजी आणि मैदान हैदराबादचे! १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात राहिलेल्या आपल्या भागाला हा योग जुळून आल्याचे कौतुक वाटावे.

आपले काही माजी विद्यार्थी आता अमेरिकेत आहेत. तिथल्या फुटबॉलचा आपल्या फुटबॉलशी फारसा संबंध नाही. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि खेळ मुख्यतः हाताचा. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहतात. त्यांचे काम समोरच्यांना अडवणे; पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची मुभा त्यांना एरवी नसते. या भिंतीच्या टोकाला, खांद्याला खांदा लावून, आणखी एक जण उभा असतो. त्याला ‘टाइट एन्ड’ म्हणतात. तो भिंतीतला सहावा गडी होऊन अडवूही शकतो आणि भिंत सोडून धावत जाऊन चेंडू झेलूही शकतो. या खेपेला तो काय करणार हे समोरच्याला कळत नाही, हीच त्याची खरी किंमत.

१९६१ साली शिकागो बेअर्सच्या माइक डिट्का या नवख्या खेळाडूने या जागेवरून ५६ झेल घेऊन १,०७६ यार्डांची कमाई केली, तेव्हा या जागेकडे लोकांचे लक्ष गेले. तरीही त्या खेळाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये या जागेवरचा पहिला खेळाडू म्हणून डिट्काला १९८८ साली घेतले; तोवर एकालाही नाही. पुढे टोनी गोन्झालेझ या खेळाडूने १,३२५ झेल घेतले. हे आकडे आम्ही देऊ शकतो, कारण झेल मोजले जातात. डिट्काने किती जणांना अडवून इतरांसाठी वाट मोकळी केली, त्याचा असा आकडा कोणी सांगत नाही. आपल्याकडेही तेच आहे. पकडीचा गुण बहुधा ज्याने आधी हात घातला त्याच्या नावापुढे चढतो. दुसरा हात कोणाचा होता, हे गुणलेखकाच्या कागदावर सहसा उतरत नाही.

यावर कोणी म्हणेल, सामन्यातले बहुतेक गुण चढाईतूनच येतात, मग चढाईपटूचे कौतुक जास्त झाले तर बिघडले कुठे? गुण चढाईतून येतात हे खरे आहे, आणि चांगल्या चढाईपटूवाचून संघ उभा राहत नाही हेही खरे. पण मोठ्या शाळा पन्नास मुलांतून सात निवडतात. सीमाभागातल्या मराठी शाळांत वरच्या वर्गांची पटसंख्या काय आहे, हे विश्वस्तांना आम्ही सांगायला नको. आपल्याला दहा-बारा जणांतूनच संघ करायचा आहे. एवढ्यांत एकच काम येणारे आठ जण परवडत नाहीत.

दुसरी अडचण घरातली. ‘आमचा मुलगा नुसता उभा असतो, त्यापेक्षा एसएसएलसीच्या शिकवणीला जाईल’ असे म्हणून मुलाला सरावातून काढून नेणारे पालक दरवर्षी एक-दोन तरी असतात. अभ्यासाची काळजी योग्यच आहे, त्याबद्दल आमचा वाद नाही. मात्र मूल नुसते उभे असते हे खरे नाही. पालकांनी एकदा मैदानाच्या कडेला उभे राहून फक्त कव्हरचे पाय पाहावेत. प्रत्येक चढाईत तो पुढे-मागे सरकत असतो आणि तोंडाने सतत बोलत असतो. आपली मुले ‘धर’ आणि ‘हिडी’ एकाच दमात ओरडतात. शेजारच्या गावच्या संघातही निम्मी मुले दोन्ही समजणारी असल्यामुळे त्यात गुपित काही उरत नाही, हा भाग वेगळा.

आम्ही दोनच गोष्टी सुचवतो. आठवी-नववीच्या प्रत्येक खेळाडूने, तो कितीही चांगला चढाईपटू असो, निवडीआधी एक आठवडा कव्हरलाच खेळावे. आणि सरावातल्या प्रत्येक सामन्यात एका साध्या वहीत प्रत्येक यशस्वी पकडीपुढे दोन नावे लिहावीत: आधी हात घालणाऱ्याचे आणि वाट अडवणाऱ्याचे. वर्षाअखेरीस स्नेहसंमेलनातल्या बक्षिसांपैकी एक या दुसऱ्या रकान्यावरून द्यावे. विश्वस्तांकडे आम्ही मॅट मागत नाही. आपल्या काळ्या मातीचा चिखल होण्यापूर्वी मैदानावर दोन ट्रॅक्टर मुरूम पडला तर पुरे. वहीचा खर्च आम्ही करू. वही सांभाळायला आठवीच्या दोन मुलींनी नावे दिली आहेत. सोमवारपासून त्या सरावाच्या वेळी पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसतील. कोणाला आपले नाव कोणत्या रकान्यात आहे ते पाहायचे असेल, तर सराव संपल्यावर पाहता येईल.