छप्पर कोणासाठी?

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर कबड्डीचा हंगाम भातकापणीनंतर सुरू होतो आणि मृगाच्या सरींनी संपतो. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, उरण, कुठेही जा. कापलेल्या शेतात नाहीतर गावच्या मोकळ्या जागेत माती चोपायची, चार खांबांवर दिवे लावायचे आणि रात्र रात्र सामने चालवायचे, ही आपली रीत. पुढे जून लागला की त्याच जागेवर चिखल होतो आणि पोरे नाक्यावर जाऊन बसतात. जून ते ऑक्टोबर म्हणजे पाच महिने. वर्षातले पाच महिने जो खेळाडू सराव करीत नाही, त्याने मुंबई-पुण्याच्या मुलांशी बरोबरी कशी करावी?

मुलींची अडचण तर याहून मोठी. रात्रीचे सामने, उघडे मैदान, कपडे बदलायला आडोसा नाही, शौचालय नाही. अशा ठिकाणी कोणते आईबाप मुलीला पाठवतील? मुलगी आठवीत-नववीत गेली की तिचा खेळ सुटतो. मग आपण म्हणतो, आमच्या मुलींना खेळाची आवडच नाही!

आता दुसरे चित्र पाहा. २६ जुलै २०१४ रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईत वरळीला प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला. याच तारखेला २००५ साली सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता आणि अर्धी मुंबई पाण्याखाली होती. पण वरळीच्या सामन्याला पावसाचे काही सोयरसुतक नव्हते, कारण डोक्यावर छप्पर होते. त्याच छपराखाली ३१ ऑगस्टला जयपूरने यू मुंबाला ३५-२४ असे हरवून पहिले अजिंक्यपद नेले. पुढच्या वर्षी तिथेच यू मुंबाने बंगळूरला ३६-३० असे नमवले. गावोगावच्या घरांत दूरदर्शन संचासमोर बसून आपल्या पोरांनी हे सामने पाहिले. खेळ आपला, माती आपली, पण पावसाळ्यात तो खेळायचा तर छप्पर मात्र दुसऱ्याचे.

हे छप्पर म्हणजे सरदार वल्लभभाई पटेल इनडोअर स्टेडियम. १९५७ पासूनची ही वास्तू नॅशनल स्पोर्ट्‌स क्लब ऑफ इंडियाची आहे. आता लोक तिला 'डोम' म्हणतात. जुन्या वाचकांना तिथल्या दारासिंगच्या फ्रीस्टाइल कुस्त्या आठवतील. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एनबीएचे दोन बास्केटबॉल संघ तिथे येऊन खेळून गेले. गाण्याचे जलसे, पुरस्कार सोहळे, प्रदर्शने, श्रीमंतांची लग्ने, सारे काही तिथे होते. आणि २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा त्याच जागेत रुग्णांसाठी खाटा मांडल्या गेल्या. एकच जागा आखाडा झाली, रंगमंच झाली, मांडव झाली आणि दवाखानाही झाली. बहुउद्देशीय म्हणतात ते हेच.

अशी वास्तू म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा, एवढेच नव्हे. पुरुषांच्या कबड्डीला १३ बाय १० मीटर जागा लागते, महिलांना १२ बाय ८. व्हॉलीबॉलला १८ बाय ९. बास्केटबॉलला २८ बाय १५, म्हणजे त्या एका मैदानात सरावापुरती कबड्डीची दोन मैदाने जेमतेम बसतात आणि बॅडमिंटनची तीन सहज. लांबी-रुंदी तर कोणीही मोजतो. चूक होते ती उंचीत. व्हॉलीबॉलला डोक्यावर किमान ७ मीटर मोकळे हवेत, मोठ्या बॅडमिंटन स्पर्धेला १२ मीटर. कंत्राटदाराने खर्च वाचवायला छप्पर खाली आणले की ते सभागृह लग्नापुरते उरते. तुळई एकदा बसली की मग ती कोण उचलणार?

दुसरी गोष्ट आवाजाची. खेळासाठी बांधलेल्या जागेत भिंती कडक, जमीन कडक. पंचाची शिट्टी तिथे छान घुमते, पण शाहिराचा आवाज, गायन पार्टीचे शब्द त्याच भिंतींवर आपटून एकमेकांत मिसळतात आणि मागच्या रांगेला नुसता गोंगाट ऐकू येतो. त्यासाठी जाड पडदे, आवाज शोषणारे तक्ते आधीपासून हिशेबात धरावे लागतात. तिसरी गोष्ट जमिनीची. लाकडी तख्तपोशीवर मंचाचे लोखंडी पाय, कॅटरिंगच्या टाक्या आणि हजार खुर्च्या ठेवल्या तर दोन वर्षांत तिची वाट लागते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बर्फावरची हॉकी असते, मग त्याच बर्फावर आच्छादन घालून बास्केटबॉलची फळ्यांची जमीन अंथरतात. ते करणारी माणसे पगारी असतात आणि ते काम त्यांना शिकवलेले असते. आपल्याकडे वास्तूचे उद्‌घाटन थाटात होते. झाडणारा, तेल-पाणी करणारा, दिवे सांभाळणारा माणूस मात्र मंजूर पदांत नसतो.

आमचा पेशा कारकुनीचा, त्यामुळे आमची नजर आधी हिशेबाकडे जाते. बांधकामाचा खर्च एकदा होतो, देखभालीचा दरमहा. खाऱ्या हवेत तर पत्रा, बोल्ट, खिडक्यांची लोखंडी चौकट, सगळे गंजते. शासनाने प्रत्येक तालुक्याला क्रीडा संकुल द्यायचे धोरण आखले, अनुदानाची रक्कमही वेळोवेळी वाढवली, हे चांगलेच आहे. पण देखभालीचा पैसा भाड्यातून काढायचा ठरला की भाडे जो जास्त देईल त्याची तारीख पक्की होते. लग्नवाला देतो, प्रदर्शनवाला देतो, गाण्याचा ठेकेदार देतो. कबड्डीची पोरगी काय देणार?

शासनालाही मोठी बंद जागा लागतेच. अलिबागजवळ नेहुलीला आपले जिल्हा क्रीडा संकुल आहे. ४ जून २०२४ रोजी रायगड लोकसभेची मतमोजणी तिथे झाली. लोकशाहीचे काम आहे, ते झालेच पाहिजे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. एवढेच लक्षात घ्या की आपल्याकडे मतदान ७ मेला आणि मतमोजणी ४ जूनला होती. मधला काळ म्हणजे शाळांची उन्हाळी सुट्टी, शिबिरांचे नेमके दिवस. जिल्ह्याला मोठी बंदिस्त जागा एखाद-दुसरीच असली की प्रत्येक गरज तिथेच येऊन आदळते आणि खेळाडू सर्वांत आधी बाहेर जातो.

जागा कोण कोणाला देतो, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरायची होती. परिषदेच्या मांडवाला जागा द्यायला स्पृश्यांपैकी कोणी तयार होईना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले ते तिथेच. त्याआधीची गोष्टही तितकीच बोलकी आहे. मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पैशातून चालणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले तोपर्यंत ते खुलेपण कागदावरच होते. पुढे घटनेच्या १५ व्या कलमात सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे आणि शासनाच्या पैशावर चालणाऱ्या जागा सर्वांना खुल्या आहेत, असे स्पष्ट शब्दांत आले. क्रीडागृह या दोन्हींत बसते.

आज दारावर कोणी जात विचारीत नाही. पण अनामत रकमेच्या रूपाने तोच अडसर उभा राहू शकतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने एका गावी, नाव सांगत नाही, मुलामुलींच्या वक्तृत्व आणि कॅरम स्पर्धेसाठी सार्वजनिक पैशातून बांधलेले सभागृह मागितले. आधी सांगितले तारीख खाली नाही. मग सांगितले अनामत भरा. ती एवढी होती की आमची वर्षाची वर्गणी तेवढी होत नव्हती. दरपत्रक मागितले तर 'ते साहेबांकडे आहे'. स्पर्धा शेवटी विहाराच्या पडवीत झाली, पाऊस आत येत होता आणि कॅरमवरची पावडर ओली होत होती. मुले मात्र खुशीत होती. त्या दिवशी त्या सभागृहाला कुलूप होते, हे आमच्यातल्या दोघांनी जाऊन पाहिले.

आणखी एक बाब आहे, ती खेळाची नाही पण किनाऱ्यावर राहणाऱ्याने विसरू नये. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ जमिनीवर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या भागांत घरांचे पत्रे-कौले पानासारखी उडाली. माणसे शाळांत हलवली, तर काही शाळांचीच छप्परे गेली. वाऱ्याला टिकेल असे मजबूत छप्पर, उंच जोते, पाण्याची टाकी, स्त्री-पुरुषांची वेगळी शौचालये आणि जनित्र असलेले क्रीडागृह अशा वेळी हजार माणसांचा जीव वाचवू शकते. जपानात शाळांच्या व्यायामशाळा भूकंपात अशाच कामी येतात. मात्र नुसते मोठे छप्पर पुरत नाही. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कतरिना वादळाच्या वेळी हजारो लोकांना सुपरडोम या क्रीडागृहात ठेवले. त्यांत बहुसंख्य गरीब काळे लोक होते. छपराचा काही भाग उडाला, वीज गेली, शौचालये तुंबली आणि ती माणसे दिवसेंदिवस त्या अंधारात आणि घाणीत अडकली. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात हे घडले.

तेव्हा वाचकहो, तुमच्या तालुक्यात क्रीडा संकुल असेल किंवा होऊ घातले असेल, तर नारळ फुटायच्या आधी आणि फुटल्यानंतरही तीन कागद मागा. नकाशा, म्हणजे छपराची उंची आणि शौचालये कळतील. दरपत्रक, म्हणजे शाळा, महिला मंडळे आणि वस्तीतल्या संघांना काय सवलत आहे ते कळेल. आणि गेल्या वर्षीचे आरक्षण रजिस्टर, म्हणजे ३६५ दिवसांत खेळाला किती दिवस मिळाले ते मोजता येईल. पावसाळ्यातले पाच महिने सकाळ-संध्याकाळचे ठरावीक तास मुलामुलींच्या सरावासाठी राखून ठेवा, अशी मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. कागद तोंडी मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आहे, साध्या कागदावर अर्ज करायचा आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. अर्ज कसा लिहावा हे ज्यांना येत नसेल त्यांनी आपल्या वस्तीतल्या दहावी-बारावीच्या मुलीकडून लिहून घ्यावा. कबड्डी खेळणारी असेल तर आणखी चांगले, कोणता प्रश्न आधी विचारायचा हे तिला सांगावे लागणार नाही.