हातगुण नको, वजनकाटा हवा



कुत्र्या-मांजरांचा चांगला डॉक्टर कोणता, याची चर्चा तालुक्याच्या गावी निघाली की सध्याही तेच ऐकू येते: 'त्यांच्या हाताला गुण आहे', 'एका सुईत उभं केलं'. या स्तुतीचाच मला राग येतो. सुई देण्याआधी जनावर काट्यावर ठेवलं का, हे कोणी विचारत नाही. औषधाची मात्रा किलोवर ठरते. ४०० किलोच्या म्हशीचा अंदाज १० किलोंनी चुकला तर फरक अडीच टक्क्यांचा. ४ किलोच्या मांजरीचा अंदाज एकाच किलोने चुकला तर थेट २५ टक्क्यांचा. अनुभवी नजरेला वजन कळतं, असं म्हणणारे हा हिशेब करून पाहत नाहीत. वऱ्हाडात पशुवैद्यकाला अजूनही 'ढोरांचा डॉक्टर' म्हणतात आणि दवाखाने उभे राहिले तेही गाय, बैल, शेळीसाठी. त्यात गैर काही नाही; पण ढोरावर बसलेला हात मांजरीवर तसाच चालत नाही. माणसाला रोज चालणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते, कारण तिच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही.

'एका सुईत उभं केलं' याचा अर्थही तपासावा. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रोगजंतू रक्तात असतात. काचपट्टीवर रक्त न पाहता नुसती ताप उतरवण्याची सुई दिली, की कुत्रं दोन दिवस खातं-पितं, मालक खूश होतो आणि आजार आत वाढत राहतो. पुढे नाकातून रक्त येऊ लागलं की नशिबाला दोष. चांगला डॉक्टर आधी विचारतो, तापमान घेतो, हिरड्यांचा रंग पाहतो, वजन आणि मात्रा कागदावर लिहितो आणि आवाक्याबाहेरचं असेल तर अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत न्या, असं स्पष्ट सांगतो. असं सांगणाऱ्याला आपल्याकडे 'याला काही येत नाही' म्हणतात, हे फार वाईट आहे.

लोकांना थांबायला वेळ नसतो आणि फी द्यायची तयारी नसते, हा आक्षेप खरा आहे. पण वजन करायला एक मिनिट लागतं आणि काटा एकदाच घ्यावा लागतो. पशुवैद्यक साडेपाच वर्षं शिकतो, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं असतं. ते शिक्षण ग्राहकाच्या घाईपुढे गुंडाळून ठेवायचं कशाला? आणि १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला दिला असताना, घरोघरी सुया टोचत फिरणाऱ्यांना अडवत कोणी कसं नाही?

लशीचंही तेच. रेबीजची लस २ ते ८ अंशांतच टिकते. मे महिन्यात इथे पारा ४५ वर जातो, वीज जाते आणि फ्रीज बंद पडतो. अशी लस टोचलेलं कुत्रं सुरक्षित समजून मुलं त्याच्याशी खेळतात. पशुसंवर्धन खात्याने तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात लहान जनावरांचा काटा आणि लशीच्या फ्रीजला बॅटरीची जोड द्यावी. कुत्रं-मांजर पाळणाऱ्यांनीही वजन, मात्रा आणि लशीचा बॅच क्रमांक लिहिलेला कागद हाती आल्याशिवाय दवाखान्यातून उठू नये.

— एक वाचक, अंजनगाव सुर्जी (जि. अमरावती)