उडी दिसू द्या

स्कीवर घसरत आलेला एक माणूस कड्याच्या टोकावरून सरळ हवेत निघून जातो आणि त्या क्षणी सगळे आवाज बंद होतात. संगीत नाही, गोळ्या नाहीत, फक्त वारा. पायातल्या स्की सुटतात, माणूस ठिपक्याएवढा होत जातो आणि कॅमेरा नुसता बघत राहतो. इतका वेळ बघत राहतो की 'आता हा गेला' असे प्रेक्षकाच्या मनात येऊन जाते. मग पाठीवरचे पॅराशूट उघडते आणि त्यावर ब्रिटनचा झेंडा फडकतो. 'द स्पाय हू लव्ह्ड मी' या १९७७ सालच्या बाँडपटाची ही सुरुवात. पडद्यावर ते आल्प्स असले, तरी प्रत्यक्षात तो कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटावरचा माउंट अ‍ॅसगार्ड आणि उडी घेणारा रिक सिल्व्हेस्टर. सुटलेल्या स्कींपैकी एक उघडणाऱ्या पॅराशूटला घासून गेली. लक्ष देऊन पाहिले, तर तीही दिसते.

५ ऑक्टोबर १९६२ रोजी लंडनच्या पॅव्हिलियन थिएटरात 'डॉ. नो'चा पहिला खेळ झाला. (बीटल्सची पहिली तबकडी बाजारात आली तीही याच दिवशी. ब्रिटनने जगाला विकलेल्या दोन मोठ्या वस्तू एका तारखेच्या निघाव्यात, ही गंमतच.) 'डॉ. नो'च्या त्या पहिल्या खेळामुळे ही तारीख 'जेम्स बाँड दिन' म्हणून साजरी होते. मधल्या काळात पंचवीस चित्रपट झाले. निर्मात्या ब्रोकोली घराण्याने साठ वर्षे हातात ठेवलेली सूत्रे २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनकडे गेली आणि पुढचा चित्रपट दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह करणार हेही जाहीर झाले. तेव्हापासून जगभरच्या बाँडभक्तांचा एकच धोशा आहे: जुन्यासारखे करा. खरे सेट लावा, खऱ्या उड्या घ्या, संगणकाला हात लावू नका. कुणी शेखी मिरवू लागला की 'स्वतःला काय जेम्स बाँड समजतोस?' असे मराठीतही सहज विचारले जाते. म्हणजे हा माणूस आपल्याही घरातला. तेव्हा या हट्टात किती तथ्य आहे ते पाहायला हरकत नाही.

हट्ट पोकळ नाही. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'साठी केन अ‍ॅडम यांनी पाइनवूड स्टुडिओत ज्वालामुखीचे पोट उभारले. त्याच्या आत मोनोरेल धावे आणि हेलिकॉप्टर उतरे. 'डॉ. नो'च्या अख्ख्या चित्रपटाला लागला, जवळपास तेवढा खर्च या एका सेटवर झाला. ते पाहिलेल्या प्रेक्षकाला २००२ च्या 'डाय अनदर डे'मध्ये संगणकाने रंगवलेल्या लाटेवर तरंगणारा बाँड दाखवला, तेव्हा तो खुर्चीत चुळबुळला यात नवल नाही.

पण स्मरणरंजन सोयीचे तेवढेच आठवते. त्याच स्कीच्या प्रसंगात बाँड झालेल्या रॉजर मूर यांचा चेहरा जवळून दिसतो, तेव्हा ते स्टुडिओत उभे आहेत आणि मागच्या पडद्यावर बर्फ सरकतो आहे. 'डॉ. नो'मधला मोटारींचा पाठलागही असाच. बाँड झालेले शॉन कॉनरी चाक फिरवत बसलेले आणि मागे रस्ता पळतो आहे. 'ऑक्टोपसी'त चिमुकले जेट विमान हँगरच्या आतून आरपार जाते. ते एका जॅग्वार मोटारीवर लोखंडी खांब ठोकून त्यावर बसवले होते आणि मोटार दिसू नये म्हणून मध्ये माणसे आणि सामान पेरले होते. फसवणूक तेव्हाही होतीच, फक्त सुताराच्या हातची.

आणि जुने म्हणजे संथ, हेही खरे नाही. पीटर हंट हे पहिल्या बाँडपटांचे संकलक. माणूस दार उघडतो, जिना उतरतो, गाडीत बसतो, हे सगळे ते बिनदिक्कत कापून टाकत. त्या काळी ही कापाकापी डोळ्यांत भरण्याइतकी वेगवान होती. पण कुठे कापायचे नाही, हे त्यांना ठाऊक होते.

त्याहून अडचणीची बाब जिवाची. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'च्या जपानमधल्या हवाई चित्रीकरणात छायाचित्रकार जॉन जॉर्डन यांच्या पायावर हेलिकॉप्टरचे पाते आले आणि तो पाय गमवावा लागला. 'फॉर युवर आइज ओन्ली'च्या वेळी बर्फावरच्या बॉबस्लेच्या अपघातात पाओलो रिगोन हा तरुण स्टंटमन मरण पावला. 'खरे करा' असे आरामखुर्चीत बसून म्हणणाऱ्यांनी ही नावे एकदा उच्चारावीत. आज उडी मारणाऱ्याच्या कमरेला तार बांधतात आणि ती नंतर संगणकाने पुसतात. त्या पुसण्यावर नाक मुरडणे आम्हाला जमणार नाही.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला तर आणखी एक आठवण आहे. 'ऑक्टोपसी' चित्रीकरणासाठी उदयपूरला आला. कबीर बेदी आणि विजय अमृतराज त्यात होते, म्हणून आपण हौसेने पाहिला. पडद्यावर काय दिसले? गारुडी, खिळ्यांच्या बिछान्यावरचा फकीर, तलवार गिळणारा, निखाऱ्यांवर चालणारा. यातले बरेचसे तर एकाच बाजारात. जुनी शैली परत हवी म्हणताना हे गाठोडेही परत हवे आहे का, हे लंडनच्या चाहत्याला विचारावे लागत नाही. आपल्याला लागते.

मग उरते काय? 'क्वांटम ऑफ सोलेस'ची सुरुवात पाहा. इटलीतल्या गार्डा सरोवराकाठी खऱ्या मोटारी खऱ्या रस्त्यांवर पळवल्या, एक स्टंटचालक गंभीर जखमी झाला. आणि पडद्यावर? कोणती गाडी कुठे आहे, कोण कुणाच्या मागे आहे, हे कळण्याआधीच दृश्य बदलते. माणसाने जीव धोक्यात घातला आणि संकलनाने तो दिसूच दिला नाही. खरेपणाचा मुद्दा इथे निकालात निघतो. अ‍ॅसगार्डची उडी खरी होती म्हणून लक्षात राहिली नाही. ती पुरती पाहू दिली म्हणून राहिली. डोळ्याला शंका यायला वेळ मिळाला, शंका फिटायलाही मिळाला. चाहते ज्याला जुनी शैली म्हणतात, ती बहुतेक हीच असावी. तिला ना ज्वालामुखी लागतो, ना कुणाचा पाय. व्हिलनव्ह यांना वाळवंटावर कॅमेरा रोखून ठेवायची सवय आहे, एवढी आशा धरायला जागा आहे.

संगणकाला शिव्या घालणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. १९७४ च्या 'द मॅन विथ द गोल्डन गन'मध्ये थायलंडमधल्या मोडक्या पुलावरून एक लाल हॉर्नेट मोटार हवेत गिरकी घेत पलीकडच्या काठावर उतरते. भक्तांच्या यादीत ही उडी कायम वरच्या नंबरात असते. उताराचा कोन, वेग, वजन हा सगळा हिशेब अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत संगणकाने केला होता. तोल राहावा म्हणून चालकाला मोटारीच्या बरोबर मध्यभागी बसवले होते. पहिल्याच खेपेस जमले. म्हणजे संगणक तेव्हाही होता. त्याने माणसाला मोटारीत कुठे बसवायचे ते सांगितले, अठ्ठावीस वर्षांनी 'डाय अनदर डे'च्या लाटेवर त्याने माणसालाच काढून टाकले.

एवढे करून त्या उडीवर चढवली काय, तर सर्कशीतल्या विदूषकाला शोभेल अशी लांबलचक शिट्टी. असले जोखमीचे काम हातात असताना प्रेक्षक हसेल तरच रमेल असे कुणाला वाटले, देव जाणे. संगीतकार जॉन बॅरी यांना पुढे त्याचा पस्तावा झाला. आम्ही तेवढे काही सेकंद आवाज बंद करून पाहतो. लाल गाडी उचलली जाते, पोट वर करून फिरते, चार चाकांवर टेकते, आणि खोलीत पंख्याचा आवाज येत असतो.